बेलहळ्ळीचा कोंडलेला महादेव

बेलहळ्ळीत गुरम्मासारखी फाटक्या तोंडाची बाई दुसरी नव्हती, आणि त्याला साक्षीपुरावा काढायची गरज नाही, ती स्वतःच सांगायची. "तोंड फाटकं हाय माजं, पदर न्हाई," असं म्हणत ती टँकरच्या गर्दीत कोपर घालून पुढं सरकायची. उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं हे गाव. निम्मी घरं लिंगायतांची, निम्मी मराठ्यांची. बोलणं मराठी, पण रागात आलं की कानडी, आणि सरकारी कामाचं काही निघालं की निजामाच्या वेळची उर्दू. गुरम्माला तिन्ही यायच्या आणि भांडण कोणत्या भाषेत चांगलं रंगेल हे तिला बरोबर कळायचं.

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून फुटून वेगळा झाला, त्याला तीनेक वर्षं झाली होती. जिल्हा झाला तेव्हा गावानं गूळ वाटला होता. कलेक्टर जवळ आला म्हणजे पाणीही जवळ येईल, असा सरळ हिशेब होता बिचाऱ्यांचा. कलेक्टर आले, कचेऱ्यांना रंग लागला, साहेबांच्या जीपगाड्या धुरळा उडवत गेल्या. पाण्याचा मात्र पत्ता नाही. "जिल्हा नवा, कळशी जुनीच," असं गुरम्मा एकदा म्हणाली, आणि ते वाक्य पार उदगीरच्या बाजारात जाऊन पोचलं.

त्या साली मूग-उडीद हातचे गेलेच होते. आता गावाची सगळी भिस्त रब्बीच्या ज्वारीवर. त्यासाठी हस्ताचा पाऊस हवा, आणि हस्त तर कोरडा निघाला. विहिरींनी तळ दाखवला, टँकर यायचा तेव्हा यायचा. मग गावानं बसून ठरवलं की आता महादेवाला कोंडायचं.

ही रीत जुनी आहे. गावाच्या पूर्वेला महादेवाचं देऊळ, त्याचा गाभारा जमिनीत दोन पायऱ्या खाली. पावसानं पाठ फिरवली की गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर विटामातीचा बांध घालायचा, पाणी जायची मोरी चिंध्या आणि चिखलानं बुजवायची, आणि घागरीमागून घागर ओतून पिंडी बुडवून टाकायची. देव गुदमरला की त्याला आपली दशा कळेल, आणि तो पाऊस पाडून स्वतःची सुटका करून घेईल. पाऊस पडला की बांध फोडून देवाला मोकळं करायचं. देवाशी असं वागावं का, हे शहाण्यांनी ठरवावं. बेलहळ्ळीचं आणि महादेवाचं ते आपसातलं आहे.

त्यात एक अट होती. पहिली घागर सवाष्ण, लेकुरवाळ्या बाईनं घालायची. आणि जिच्या हातची पहिली घागर, तिनं पाऊस पडेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. पावसाआधी बांध कुणी फोडला तर वेशीत आलेला पाऊस माघारी जातो आणि त्याचं पाप फोडणाऱ्याच्या माथी बसतं.

पुजारी रेवणप्पानं पहिल्या घागरीसाठी गुरम्माचं नाव घेतलं. गुरम्मानं डोक्यावर पदर घेतला, गळ्यातलं इष्टलिंग कपाळाला लावलं आणि घागर ओतली. तिच्यामागं सगळ्या बायकांनी ओतल्या. प्यायला पाणी नाही आणि देवाला बुडवायला पाणी, असं मनात सगळ्यांच्याच आलं असेल, पण बोललं कुणी नाही. बोलली ती एकटी धोंडाबाई, तीही देवळाबाहेरून. ती विधवा, म्हणून तिला आत यायला मुभा नव्हती. आपली घागर तिनं पायरीवर ठेवली आणि म्हणाली, "जपून वता. सांडून राहिलंय निम्मं."

धोंडाबाई आणि गुरम्मा यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. टँकरच्या नळीवरून दोघींचं एकदा जे वाजलं, ते वर्ष झालं तरी मिटलं नव्हतं. शेजारी शेजारी घरं, मधे एक बुटकी भिंत, पण एकमेकींशी बोलणं म्हणजे टोमणेच. धोंडाबाईला मूलबाळ नाही. देवळामागं काळ्याभोर जमिनीचा तुकडा आणि हरण्या-पाखऱ्या ही बैलजोडी, एवढीच तिची जिंदगी. चारा संपला तेव्हा तिनं स्वतःच्या छपराचं गवत उपसून बैलांना घातलं होतं. वर आभाळ दिसायचं तिला निजल्या जागी. लोक हसले तर म्हणाली, "पाऊसच न्हाई तर छप्पर कशाला पायजे?" पेरणी झाली तर बैल टिकणार, नाहीतर बाजार दाखवावा लागणार, हे गावाला ठाऊक होतं.

आता गुरम्माच्या लेकीचं सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते तिच्यापायी. नीलम्मा ही एकुलती एक. तिला देगलूरकडच्या मन्मथला दिली होती. जावई रेल्वेत मालबाबू, आणि बदली होत होत पार समुद्राकाठी मछलीपट्टणला जाऊन पडलेला. तिकडचे लोक त्या शहराला नुसतं बंदर म्हणतात. नीलम्माचं पहिलंच बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही जगाची रीत. पण गुरम्मानंच निरोप धाडला होता, की पोरीला इकडं आणू नका. बाळंतिणीला रोज शेक-न्हाणं लागतं, लेकराचं लंगोट धुवावं लागतं, आणि इथं तर भांडं राखेनं घासून फडक्यानं पुसतात. "तिकडं पाणी लई हाय म्हणं. मीच येते," असं तिनं कळवलं. दिवस दिवाळीनंतरचे मोजले होते, म्हणून घागर घालताना तिला वाटलं, तोवर पाऊस येऊन जाईल.

मोजणी चुकली. देव कोंडून आठवडा झाला नसेल, तोच परळीकडं जाणाऱ्या गाडीच्या गार्डाबरोबर मन्मथचा निरोप आला, की नीलीचे पाय सुजलेत, डॉक्टर म्हणतात कधीही होईल, मामींना लगेच पाठवा.

मलप्पा, म्हणजे गुरम्माचा नवरा, सावकाश बोलणारा माणूस. तो म्हणाला, "तुजी घागर हाय. शीव कशी ओलांडतीस?"

गुरम्मा म्हणाली, "मग तुमी जाता का बाळंतपण करायला?"

मलप्पा उठला. त्यानं गाडी जुंपली. शिवेवरच्या दगडाजवळ धोंडाबाई बैलांना वाळकं कसपट खाऊ घालत उभी होती.

"गुरमे, शीव हाय ही," ती म्हणाली.

"डोळे हायत मला."

"तुज्या हातचा देव कोंडलाय तितं."

"त्याला लेकरू झालं असतं तर कळालं असतं त्याला."

"दोन हायत त्याला," धोंडाबाई म्हणाली आणि तोंड फिरवून बैलांकडं बघत राहिली. गाडी पुढं गेली.

सिकंदराबाद, तिथून बेजवाडा, तिथून छोटी गाडी. बेजवाड्याच्या पुढं दोन्ही अंगाला कालवे भरून वाहत होते आणि हिरव्यागार भातात बगळे उभे होते. गुरम्मा खिडकीला नाक लावून बसली. बायका कालव्यात म्हशी धूत होत्या. म्हशी धूत होत्या, ही गोष्ट तिला इतकी लागली की डोळ्यांत पाणी आलं. घरी पोचल्यावर लेकीला जवळ घेऊन झालं, आणि लगेच ती शेजारच्या पार्वतम्माला टाकून बोलली, कारण पार्वतम्मा बादलीनं ओसरी धूत होती. पार्वतम्मा रेल्वेत सांधे बदलणाऱ्या पॉईंट्समनची बायको, तेलुगू बोलणारी, पोक्त बाई. तिला दख्खनी हिंदी यायची, गुरम्मालाही यायची, त्यामुळं दोघींची ओळख भांडणातून झाली आणि त्याच दिवशी जमलीही.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी रेडिओ बोलायला लागला.

बंगालच्या समुद्रात वादळ उठलंय आणि ते किनाऱ्याकडं सरकतंय, एवढंच आधी होतं. गुरम्मानं ते ऐकलं आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. तिकडं वादळ उठलं की त्याचा पाऊस मराठवाड्यापर्यंत येतो, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला ठाऊक नाही? समुद्राच्या अंगाला आभाळ काळं होत होतं. दुष्काळातलं माणूस काळ्या आभाळाला भीत नाही. ती ओसरीत उभी राहून हात जोडून म्हणाली, "ये बाबा, ये."

पार्वतम्मानं तिचे जोडलेले हात धरून खाली केले. "ऐसा नक्को बोलो अम्मा," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. आठ वर्षांमागं असंच आभाळ झालं होतं. समुद्र चालत आला होता. पाऊस वरून पडतो, नदी हळूहळू चढते, ते सगळं माणसाला कळतं. पण हे पाणी समोरून भिंतीसारखं आलं आणि तिचं माहेरचं गाव त्याच्याखाली गेलं. आई, बाप, भाऊ, भावजय, कोण कुठं गेलं कळलं नाही. नंतर विहिरी होत्या, पण पाणी खारट झालं होतं, आणि जे जगले ते तहानेनं कासावीस झाले. हे सगळं तिनं डाळ निवडत सांगितलं, आणि शेवटी डाळ तशीच ठेवून आत गेली.

दुपारपासून शहराचा नूर बदलला. रिक्षावर भोंगा लावून माणूस गल्लीगल्लीतून ओरडत गेला. मासे धरणाऱ्यांची माणसं समुद्राकाठून शहराकडं येऊ लागली, डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं, कोंबड्या पायांना बांधून उलट्या धरलेल्या. शाळा त्यांच्यासाठी मोकळ्या केल्या. दुकानदारांनी पाट्या उतरवून ठेवल्या. लोक नारळाच्या झाडांवर चढून नारळ तोडायला लागले, कारण वाऱ्यात नारळ सुटला की माणसाचं डोकं फुटतं. छपरांवरून दोर टाकून खाली दगडांना बांधले. काडेपेट्या डब्यात घालून डबे मेणकापडात गुंडाळले, चुरमुरे आणि गुळाची पुडकी बांधली. स्टेशनात हमाल रिकाम्या मालडब्यांना जाड साखळ्या घालून रुळांशी आवळून बांधत होते. एवढा मोठा लोखंडी डबा, आणि त्याला गुरासारखा दावणीला बांधतात, हे पाहिलं आणि गुरम्मा तरातरा घरी आली.

तिनं काय केलं? तिला जे येत होतं ते केलं. घरातलं प्रत्येक भांडं पाण्यानं भरलं. हंडे, कळशा, तांबे, परात, नीलीच्या लग्नातलं पितळी पातेलं. पार्वतम्मा दारात येऊन बघत राहिली आणि त्या भीतीतही तिला हसू आलं. पाणी येतंय म्हणून सगळं गाव पळून राहिलंय, आणि ही पाणी भरून ठेवते. गुरम्मा म्हणाली, "हसा बाई. सवय हाय." मग पार्वतम्मानंही आपले हंडे आणले.

मन्मथ धापा टाकत आला. त्याला नीलीला दवाखान्यात न्यायचं होतं, पण दवाखाना शहराच्या खालच्या अंगाला, आणि तिथलीच नर्स म्हणाली होती, की आज इकडं आणू नका, उंचावर पक्की इमारत बघा. स्टेशन इंग्रजाच्या वेळचं, जोत्यावर उभं, दगडी भिंतींचं. स्टेशनमास्तरांनी बायकांची वेटिंग रूम उघडून दिली. रेल्वेची आणखी चार कुटुंबं तिथं आली. नीलम्माला बाकावर निजवलं, खाली सतरंजी, उशाला पाण्याचे हंडे. आणि संध्याकाळी तिच्या कमरेत कळ उठली. बारीकच, पण उठली.

त्या क्षणी गुरम्माच्या मनात जे आलं, ते सगळं एकदम आलं. पाणी मागितलं कुणी? आपण. देवाला कोंडलं कुणी? आपण. वर शीव ओलांडून कोण आलं? आपणच. देवानं बेलहळ्ळीत आपल्याला शोधलं असेल, सापडली नसेल, म्हणून तो पाणी घेऊन इथवर आलाय. आणि आपल्या अंगावर यायचं ते लेकीच्या अंगावर येऊन राहिलंय. भ्याली ती, साफ भ्याली. भिणारी बाई नव्हती, साप दिसला तर उलथनं घेऊन मागं लागायची, पण त्या संध्याकाळी ती बाकाचा पाय धरून खाली बसली.

थोड्या वेळानं उठून ती मन्मथकडं गेली. तो फोनजवळ उभा होता.

"जावईबापू, गावाकडं निरोप धाडा. म्हणावं, गुरम्मा म्हणती, देव मोकळा करा."

मन्मथ बी.ए. झालेला, विचारी मुलगा. तो हळू आवाजात म्हणाला, "मामी, वादळ समुद्रात उठलंय. बेलहळ्ळीच्या गाभाऱ्यात न्हाई."

"गाभारा आतून कुठं जाऊन लागलाय, तुमी बघून आलात का?"

"न्हाई."

"मग धाडा."

मन्मथनं तिच्याकडं पाहिलं, मग आत नीलीच्या कण्हण्याकडं कान दिला. बी.ए. झाला म्हणून काय, बाप होऊन राहिला होता. त्यानं फोन उचलला. रेल्वेची स्वतःची तार असते, स्टेशनातून स्टेशनात बोलता येतं. बंदरहून बेजवाडा, बेजवाड्याहून सिकंदराबाद, सिकंदराबादहून उदगीर. सिकंदराबादच्या माणसानं वैतागून विचारलं, इथं वादळाची धांदल उडालीये, हा देव कोण, रेल्वेचा काही संबंध आहे का? मन्मथ म्हणाला, "हाय. सांगा तेवढं." निरोप गेला. पुढं पोचला की नाही, कळायला मार्ग नव्हता, कारण थोड्याच वेळात तारा तुटल्या.

रात्र वाऱ्याच्या आवाजात गेली. उजाडलं तेही अंधारासारखंच. दुपारपर्यंत वाऱ्यानं असा जोर धरला की बोललेलं शेजारच्याला ऐकू येईना. क्वार्टरांची कौलं उडताना दिसली, मग क्वार्टरंच दिसेनाशी झाली. एक मालडबा साखळीसकट आडवा झाला. वेटिंग रूमच्या दाराला मन्मथ आणि पॉईंट्समन पाठ लावून बसले. दाराखालून पाणी आत आलं तेव्हा सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं. पार्वतम्मानं बोट बुडवून जिभेला लावलं. "मीठा है," ती म्हणाली. पावसाचं होतं, समुद्राचं नव्हतं. त्या खोलीत त्या दिवशी कुणी काही चांगलं बोललं असेल तर ते एवढंच.

त्याच गदारोळात, दिवेलागणीच्या सुमाराला, नीलम्मा बाळंत झाली. मुलगी. पार्वतम्मानं पाय धरले, गुरम्मानं हातावर घेतलं. वाऱ्यामुळं लेकराचं रडणं ऐकू आलं नाही, नुसतं उघडलेलं तोंड दिसलं. लेकराला लिंग बांधायला जंगम तिथं कुठून येणार? गुरम्मानं आपल्याच गळ्यातलं लिंग पोरीच्या कपाळाला टेकवलं आणि आपल्या भरलेल्या हंड्यातल्या पाण्यानं तिला पुसून काढलं.

समुद्र आला नाही. वादळानं किनाऱ्याजवळ येऊन तोंड वळवलं आणि ते वरच्या अंगाला, उत्तरेकडं चढलं. बंदरला त्याचं नुसतं शेपूट लागलं, तरी निम्म्या शहरावर छप्पर उरलं नाही. सकाळी लोक बाहेर येऊन एकमेकांना हात लावून बघत होते. मन्मथनं बातमी सांगितली तेव्हा गुरम्मानं पहिल्यांदा विचारलं, "वरच्या अंगाला कुणाच्या लेकी होत्या?" त्यावर कुणाला काय सांगता येणार?

मन्मथच्या क्वार्टरचं छत गेलं होतं, दुरुस्तीला महिने लागणार होते. तेव्हा सव्वा महिना पार्वतम्माच्या शाबूत राहिलेल्या एका खोलीत काढून गुरम्मा लेक-नात घेऊन माघारी निघाली. माहेरी पाणी नाही म्हणून तिकडं गेलेलं बाळंतपण असं शेवटी माहेरीच आलं. वाटेत ती खिडकीतून बघत होती. बिदर मागं पडलं आणि हिरवं संपलं. उदगीरच्या अलीकडची रानं नांगरून पडलेली, कोरडी ठाक, एक पातं नाही. वादळ वर चढलं, त्याबरोबर त्याचा पाऊसही वर गेला. इकडं थेंब आला नव्हता.

स्टेशनवर मलप्पा गाडी घेऊन आला होता. त्यानं नात बघितली, तिच्या मुठीत आपलं बोट दिलं, आणि गाडी हाकायला लागला. गावाची शीव दिसली तेव्हा गुरम्माच्यानं राहवेना.

"निरोप पोचला व्हता का?"

"हाव."

"मग?"

मलप्पानं बैलांकडं बघत सांगितलं. निरोप आला त्या सकाळी पूर्वेला आभाळ भरून आलं होतं, दोन वर्षांत दिसलं नव्हतं असं. वारा गार झाला होता. लोकांनी तिफणी बाहेर काढल्या, बी-बियाणं उन्हं नसताना अंगणात आणलं, म्हातारी माणसं रडायला लागली. देव पावला म्हणून सगळे देवळापुढं जमले. आणि तेवढ्यात रेल्वेचा गँगमन सायकलवर येऊन सांगतो, की गुरम्मा म्हणते, तिकडं वादळ उठलंय, नीली अडकलीये, देव मोकळा करा.

"रेवणप्पा म्हणला, जिची घागर तिनंच फोडावं. दुसऱ्यानं फोडलं तर आलेला पाऊस जातो. कुणी म्हणलं, एक दिस थांबू. एकच दिस. पाऊस पडला की फोडू."

"आन् तुमी?"

मलप्पानं कासरा हातात घट्ट धरला. "मी काय बोलू? बोललो तर सोताच्या पोरीसाठी गाव बुडीवलं म्हणतील. न्हाई बोललो तर कसला बाप. हुबा राहिलो. नुसता हुबा राहिलो गं."

"मग कुणी फोडला?"

"धोंडाबाईनं."

गुरम्मा गाडीत ताठ बसली.

"कुदळ घेऊन आली. रेवणप्पा आडवा झाला, म्हणला, रांडमुंड बाई, तू आत येऊ नको. तर म्हणली, पाप लागायचं ते मला लागू दे, मला रडायला मागं कोन हाय. गुरमीशी माजं भांडण हाय, नीलीशी न्हाई. आन् बांधावर घातली कुदळ. पाणी पायऱ्यांवरनं बाहेर आलं. बायकांनी तांब्या-तांब्यानं भरून घेतलं, निम्मं मातीत जिरलं."

"मग आभाळ?"

"दुसऱ्या दिशी फाकलं."

गावानं धोंडाबाईशी बोलणं टाकलं होतं, हे गुरम्माला वेशीतच कळलं. वेशीवर बसलेल्या माणसांनी नातीची चौकशी केली, बरी हाय का, कुणावर गेली, सगळं विचारलं. पण बोलता बोलता नजर देवळामागच्या काळ्या रानाकडं जायची आणि बोलणं तुटायचं. ते रानही इतरांसारखंच पडीक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरम्मानं न्हाणीत पाट मांडला. घरात पाणी होतं ते मोजकंच. बाळंतिणीला पुरलं तर लेकराला नाही, लेकराला पुरलं तर बाळंतिणीला नाही. ती कळशीत वाकून बघत होती, तेवढ्यात बुटक्या भिंतीपलीकडून धोंडाबाई आली. डोक्यावर भरलेली घागर. ती दारातच थांबली, आत आली नाही.

"घे," ती म्हणाली. "लेकराला व्हईल."

गुरम्मानं भिंतीवरून पलीकडं पाहिलं. छप्पर अजून उघडंच होतं. गोठ्यात दोन खुंटे होते, दावी गुंडाळून खुंट्यांना अडकवलेली होती, आणि शेणाचा वास सुद्धा राहिला नव्हता.

"तुला कसं पुरंल?" गुरम्मा म्हणाली.

"पुरतं. आता प्यायला बैल न्हाईत."

तिनं हे तक्रारीनं म्हटलं नाही. टँकर उशिरा आला, असं सांगावं तसं म्हटलं. गुरम्माला तीन भाषा येत होत्या, पण त्यातली एकही त्या वेळी उपयोगी पडली नाही. ती रडायला लागली, आणि धोंडाबाई वैतागून म्हणाली, "घागर धर आधी. मान मोडून राहिली माजी."

गुरम्मानं घागर घेतली नाही. तिनं धोंडाबाईचा दंड धरला आणि तिला उंबऱ्याच्या आत ओढलं, न्हाणीत नेलं, पाटाशी उभं केलं. नीलम्मा लेकराला मांडीवर घेऊन बसली होती.

"वत," गुरम्मा म्हणाली. "पहिली तुज्या हातची."

धोंडाबाईनं घागर खाली ठेवली. लेकराकडं पाहिलं, नीलीकडं पाहिलं, पदरानं नाक पुसलं.

"पाणी गार हाय," ती म्हणाली. "चुलीवर ठेव तर आधी, शहाणे."